चौदा नंबरची स्क्रीन

शारजाच्या औद्योगिक भागात, लोखंडावर जस्ताचा थर चढवणाऱ्या एका कारखान्यात मी सात वर्षं कॉम्प्युटर सांभाळले. माझ्या व्हिसावर 'इलेक्ट्रिशियन' लिहिलं होतं, कारण मालकाकडे तेवढाच व्हिसा शिल्लक होता. वायरींशी संबंध होता म्हणून मीही फार कुरकुर केली नाही. मूळचा मी इचलकरंजीचा, डिप्लोमा केलेला, वय सत्तावीस. म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचं. त्या वयात माझ्या हातून जे झालं ते मी बायको सोडून कुणाला सांगितलेलं नाही. तिलाही अर्धंच सांगितलं.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. ऑफिसात एकूण अकरा कॉम्प्युटर होते आणि एक सोडला तर सगळे कुठल्या तरी बंद पडलेल्या कंपनीतून उचलून आणलेले. त्यांच्यावर नुसतं पत्र टाइप करायचं म्हटलं तरी धाप लागायची, ब्राउझर तर उघडता उघडता मान टाकायचा. इंटरनेटला टेलिफोनची एकच लाइन. मालकाला नवीन मशिनी घ्यायच्या नव्हत्या आणि मला माझी अक्कल दाखवायची होती, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. मी एका दणकट मशीनमध्ये जेवढी मेमरी बसेल तेवढी बसवली, त्यावर लिनक्स चढवलं आणि तो सर्व्हर माझ्या खोलीत, एसीच्या झोतात ठेवला. सगळ्यांचे ब्राउझर चालायचे त्या एका सर्व्हरवर. टेबलावर दिसायचं ते फक्त चित्र. माणूस आपल्या टेबलावर माउस दाबणार, ते दाबणं वायरीतून माझ्या खोलीत येणार, सर्व्हर पान आणणार आणि त्या पानाचं चित्र परत टेबलावर जाणार. लोकांना हे सांगितलं की ते माना डोलवायचे आणि थोड्या वेळाने विचारायचे, म्हणजे इंटरनेट तुझ्या खोलीत आहे का? मी हो म्हणायचो. मला ते आवडायचं.

प्रत्येक स्क्रीनला एक नंबर होता, ओळीने नव्हे, नेटवर्कवर जो मिळेल तो. ब्राउझर सुरू करताना मी सर्व्हरवर एक ओळ टाइप करायचो: अमुक नंबरच्या स्क्रीनवर अमुक पान उघड. की उघडलंच. खरं म्हणजे असं कुणीही कुणाच्या स्क्रीनवर काही उघडू नये म्हणून त्या व्यवस्थेत एक कुलूप असतं, ज्या मशीनवर विंडो टाकायची तिची परवानगी लागते. ती रोज कोण मागत बसणार, म्हणून मी सगळ्या मशिनींची कुलपं काढून टाकली होती. सगळे ब्राउझरही एकाच नावाने चालवायचो, दहा माणसांचे दहा पासवर्ड सांभाळायची कटकट नको म्हणून. हा शुद्ध आळस होता. मी त्याला सोय म्हणायचो आणि मालकालाही तसंच सांगितलं होतं.

मॅनेजरांचा नियम होता की ब्राउझर फक्त पाच टेबलांना. स्टोअर, वर्कशॉप, गेट यांना नाही. तिथले कॉम्प्युटर मालाच्या नोंदीपुरते. पण दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी, आणि मॅनेजर त्या वेळात घरी जायचे. मग इंटरकॉम वाजायला लागायचा. "लाव रे," एवढंच बोलायचे लोक. 'ब्राउझर लावणं' हा आमच्याकडचा शब्दच होऊन गेला होता. कुणाला क्रिकेटचा स्कोअर, कुणाला गावाकडचं वर्तमानपत्र, एका केरळच्या फिटरला मुलाच्या बारशाचे फोटो. मी कुणाला नाही म्हणायचो नाही. लोकांची कामं करून देण्यात मला सुख होतं, आणि आपल्यावाचून त्यांचं अडतं यात जास्त सुख होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

स्टोअर सांभाळायचे ते काका राजापूरकडचे. वय एकोणपन्नास, गल्फमध्ये येऊन एकोणीस वर्षं, त्यातली अकरा याच स्टोअरात. नटबोल्टांच्या कप्प्यावर त्यांच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी छापल्यासारखी दिसायची. रागावणं त्यांना जमत नसे; कुणी हिशेबाबाहेर हातमोजे मागितले तरी ते आधी देऊन टाकायचे आणि मग दोन दिवस स्वतःवर चिडून राहायचे. मी रोज दुपारी शावर्मा खातो हे कळल्यावर त्यांनी मला दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, कामगारांच्या कॅम्पात जेवायला बोलवायचा परिपाठच ठेवला. पत्र्याच्या खोलीत, सहा जणांच्या मधे, ते बांगडा तळायचे आणि माझ्या ताटात दोन टाकून स्वतःला एक घ्यायचे. माझी बायको तेव्हा इचलकरंजीला होती, सातवा महिना लागला होता. तिला काय खायला आवडतं हेसुद्धा ते विचारायचे.

स्टोअरची मागची भिंत आणि ॲसिडच्या टाक्यांची भिंत एकच. जस्त चढवण्याआधी लोखंड ॲसिडात बुडवून साफ करतात. त्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण स्टोअरातल्या लोखंडी कपाटाच्या कड्या दर वर्षी गंजून गळून पडायच्या. काकांना खोकला होता. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की ॲसिडपासून लांब जा, नाहीतर छाती कायमची जाईल. आणि मुलगी कोल्हापुरात नर्सिंगला, तिची दोन वर्षं बाकी. म्हणजे गल्फ सोडून चालणार नव्हतं आणि स्टोअरात राहून चालणार नव्हतं.

अशात त्यांना उम्म अल कुवैन या जवळच्याच अमिरातीतून बोलावणं आलं. फायबरच्या बोटी बनवणारा एक कारखाना, तिथेही स्टोअरकीपर हवा होता. त्यांच्या गावचा एक सुतार तिथे होता, त्याने शब्द टाकला होता. स्टोअर खाडीच्या तोंडाशी, दारं दिवसभर उघडी, असं त्या सुताराने सांगितलं होतं. हे काका मला चार-चारदा सांगायचे. दारं दिवसभर उघडी असतात म्हणे.

अडचण एकच होती. आमच्याकडचं त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपायला अजून दोन महिने होते. आमच्या मॅनेजरांची रीत अशी की कॉन्ट्रॅक्ट संपताना कुणी समोर उभं राहून मान खाली घालून विचारलं, तर ते रिलीज, म्हणजे दुसरीकडे लागायची परवानगी, द्यायचे. पण आधीच पाठीमागे दुसरीकडे बोलणी केली असं कळलं, तर व्हिसा कॅन्सल आणि वर बॅन, म्हणजे ठरावीक काळ त्या देशात पुन्हा कामाला यायला बंदी. असे दोघे आमच्या डोळ्यांदेखत घरी गेले होते. म्हणून दोन महिने तोंडातून शब्द काढायचा नव्हता. खोलीतल्या पाच जणांनाही काकांनी सांगितलं नव्हतं. त्यांना ठाऊक होतं एक तो सुतार आणि दुसरा मी.

"तुला सांगतोय," ते म्हणाले होते, "कारण तुझ्याशिवाय माझं टपाल उघडत नाही."

त्यांचा ईमेल मीच काढून दिला होता. पासवर्ड टाकताना त्यांची बोटं अडखळायची, एक अक्षर चुकायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मी तो पासवर्ड सर्व्हरवर साठवून ठेवला. पान उघडलं की सरळ त्यांचं टपाल समोर. बोटीवाल्यांचं ऑफर लेटर त्या टपालातच आलं होतं, आणि त्यांना गुरुवारपर्यंत उत्तर हवं होतं.

त्या गुरुवारच्या साधारण दहा दिवस आधी मॅनेजरांचा कॉम्प्युटर जळला. त्यांच्यासारख्या माणसाला थांबवून चालत नाही. अकरांतला जो एक नवा कॉम्प्युटर होता तो स्टोअरात होता, कारण मालाच्या नोंदींना तो लागायचा. मी तो उचलला आणि तसाच्या तसा मॅनेजरांच्या टेबलावर नेऊन लावला. काकांना अडगळीतला एक जुना आणून दिला. काका म्हणाले, आपल्याला काय, अक्षर दिसलं म्हणजे झालं. नवा कॉम्प्युटर चौदा नंबरचा होता, तो नंबर त्याच्याबरोबर मॅनेजरांकडे गेला. स्टोअरला मिळाला एकतीस. मी ते एका कागदावर लिहून सर्व्हरच्या वर भिंतीला चिकटवलं. कागद माझ्या डोळ्यांसमोर होता. पण मधल्या दहा दिवसांत काकांचा फोन आला नव्हता, आणि माझ्या बोटांना दीड वर्षाची सवय होती की स्टोअर म्हणजे चौदा.

गुरुवारी सव्वाएकला इंटरकॉम वाजला. लाव रे, काका म्हणाले, आज उत्तर पाठवून टाकू. मी ओळ टाइप केली. चौदा नंबरवर टपाल उघड. मग वर्कशॉपमधून फोन आला, त्यांना लावून दिला. गेटवाल्याला लावून दिला. काकांचा पुन्हा फोन: काही आलं नाही. मला वाटलं लाइन मंद आहे. मी तीच ओळ पुन्हा चालवली. वरच्या बाणाचं बटण दाबलं की मागची ओळ परत येते, पुन्हा टाइपही करावी लागत नाही.

तिसऱ्यांदा त्यांचा फोन आला तेव्हा मी सहज भिंतीकडे बघितलं. कागदावर स्टोअरपुढे एकतीस लिहिलं होतं, आणि चौदापुढे मॅनेजर.

मी स्वतःला समजावलं की मॅनेजर घरी गेलेत, दोन वाजल्याशिवाय येत नाहीत. मला फक्त त्या दोन विंडो बंद करायच्या होत्या. सर्व्हरवरचे सगळे ब्राउझर एका झटक्यात बंद करणारी एक ओळ होती. पाच सेकंदांचं काम. पण त्याच वेळी एस्टिमेशनवाले अबू धाबीच्या एका टेंडरचे कागद चढवत होते, दोनच्या आत पोचायला हवे होते आणि पाऊण तास त्यातच गेला होता. सगळं बंद केलं असतं तर ते टेंडर गेलं असतं आणि माझी नोकरीही. म्हणून मी चालू असलेल्या ब्राउझरची यादी काढली. नऊ ओळी. नऊही एकाच नावाने चालणाऱ्या, कारण तशी सोय मीच करून ठेवली होती. कुठला कुणाच्या स्क्रीनवर दिसतोय ते प्रत्येकाच्या आत शिरून बघावं लागणार होतं. मी एकेक बघायला लागलो. घाईत दोनदा चुकलो.

पाचव्यावर होतो तेव्हा शेजारच्या स्क्रीनवर प्रिंटरच्या यादीत एक नवी नोंद आली. प्रिंटरही माझ्याच सर्व्हरमधून चालायचा. चौदा नंबरवरून, दोन पानं. मी ती रद्द करायला हात नेला तोवर ती निघूनही गेली होती. बाहेर ऑफिसात प्रिंटरचा आवाज मी ऐकला. त्या दिवशी मॅनेजर घरी गेलेच नव्हते.

आज विचार केला तर त्या सगळ्या प्रसंगात माझ्याकडे एकच खरी संधी होती, ती पहिल्या पाच सेकंदांची. टेंडर बुडालं असतं. मला काढलं असतं. मी तरुण होतो, दुसरीकडे लागलो असतो. काकांना दुसरीकडे कुठे लागायला दार उरलं नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी विचार करायला एक मिनिट घेतलं आणि ते मिनिट मी माझ्यासाठी घेतलं.

पुढचं त्याहून वाईट आहे. मी दोन्ही विंडो शोधून बंद केल्या, मग काकांना फोन करून म्हटलं, लाइन गेली होती, आता लावतो. एकतीस नंबरवर टपाल उघडलं. त्यांनी उत्तर लिहिलं, दोन ओळींचं, माझ्याकडून स्पेलिंग विचारून घेतलं, आणि पाठवलं.

"गेलं," ते म्हणाले. "खलास. आता दोन महिने गप."

मी म्हटलं, हो काका. त्यांच्या ऑफर लेटरची दोन पानं तेव्हा मॅनेजरांच्या टेबलावर होती. काकांना त्याच क्षणी सांगितलं असतं तर ते जाऊन पाय धरू शकले असते. आपणहून सांगणाऱ्याला मॅनेजरांनी सोडलं असतं कदाचित. मी मूग गिळून बसलो. कदाचित मॅनेजरांनी नीट वाचलंच नसेल, कदाचित दुसऱ्याच कशाची प्रिंट असेल, असली आशा धरून शुक्रवार काढला. कॅम्पात जेवायला गेलो नाही. बरं नाही म्हणून कळवलं. काकांनी एकाच्या हाती डब्यात मासे पाठवले.

शनिवारी सकाळी मॅनेजरांनी आधी मलाच बोलावलं. आवाज चढलेला नव्हता. टेबलावर पानं उलटी ठेवली होती.

"स्टोअर में नेट किसने दिया?" त्यांनी विचारलं.

"सर, चेक करता हूं," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. खोटं बोललो नाही, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला बजावत आलो. मी खोलीत येऊन बसलो आणि खरोखर सर्व्हरवर काहीतरी चेक करायला लागलो. अर्ध्या तासाने मॅनेजरांनी मला निरोप धाडला की राहू दे, त्याने स्वतःच कबूल केलंय.

काकांनी साहेबांना सांगितलं होतं, "नेट मीच लावलं. बघून बघून शिकलो. कुणी दिलं नाही." मॅनेजरांचा यावर विश्वास बसला असेल असं मला वाटत नाही; जो माणूस पासवर्डला अडखळतो तो सर्व्हरवरून ब्राउझर काय लावणार. पण त्यांना एक नाव हवं होतं आणि ते मिळालं होतं. सर्व्हर सांभाळणारा माणूस गेला तर सगळं ऑफिस बंद, हेही त्यांना कळत होतं. नुसती दुसरीकडे बोलणी केली असती तर व्हिसा कॅन्सल आणि सहा महिन्यांचा बॅन यावर भागलं असतं. आता त्यात कंपनीच्या यंत्रणेचा गैरवापर आला. बॅन एक वर्षाचा. एकोणपन्नास वर्षांच्या माणसाला वर्षभर थांबून घेणारा बोटीवाला कुठे सापडणार होता?

चार दिवसांत सगळं उरकलं. त्यांची अकरा वर्षं एका ट्रंकेत आणि दोन कार्टनांत बसली. कार्टनांवर त्यांनी स्वतःच नाव-गाव घातलं. खोलीतल्या लोकांनी त्यांना दोष दिला, तोंडावर नाही, पण दिला. इतकी वर्षं राहिलेला माणूस, दोन महिने धीर धरवला नाही, असं माझ्यासमोर बोलले. मी चहा पीत होतो. पीत राहिलो.

निघण्याच्या दिवशी सकाळी दहाला कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदांची धावपळ करणारा माणूस, त्यांना गाडीतून विमानतळावर नेणार होता. पासपोर्ट त्याच्याकडेच होता, तो विमानाच्या दारापर्यंत त्याच्याकडेच राहणार होता. साडेनऊला काका माझ्या खोलीत आले. इतक्या वर्षांत ते माझ्या खोलीत पहिल्यांदा येत होते. एसीच्या थंडीने त्यांना खोकल्याची उबळ आली, ती जाईपर्यंत ते सर्व्हरवर हात टेकून उभे राहिले. मी ठरवलं होतं की आज सांगायचं. रात्रभर शब्द जुळवले होते.

त्यांनीच आधी सुरुवात केली.

"माझंच चुकलं रे," ते म्हणाले. "त्या दिवशी दोन-तीनदा तुला फोन केला ना, येत नव्हतं म्हणून मी इथे तिथे बटनं दाबली. त्यातलंच काहीतरी साहेबांकडे गेलं असणार. मला यातलं कळत नाही, उगाच हात लावला. तुझं नाव मी घेतलेलं नाही, घाबरू नकोस. तुझी बायको तशी आहे, तुला आता कसली झळ नको."

मी तोंड उघडलं. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं मी आभार मानतोय.

मग त्यांनी कामाचं सांगितलं. बोटीवाल्यांना कळवायला हवं, ते बिचारे वाट बघत असतील, सुताराचा शब्द फुकट जाईल. इंग्लिशमध्ये नीट लिहून दे. मी त्यांच्यासाठी माझी खुर्ची सोडली, पण ते बसले नाहीत. मीच बसलो. त्यांचं टपाल उघडलं. ते मागे उभे राहून सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. मला येता येणार नाही, क्षमा असावी. जागा दुसऱ्या कुणाला द्यावी.

"कारण काय लिहू, काका?" मी विचारलं.

मंदूबने बाहेर गाडीचा हॉर्न दिला.

"खरं तेच लिही," ते म्हणाले. "लिही, माझ्या स्वतःच्या चुकीमुळे."

मी तसं इंग्लिशमध्ये लिहिलं. त्यांनी वाकून एकेक अक्षर लावत वाचलं, बरोबर आहे म्हणाले, आणि मी खाली त्यांचं नाव टाकून पाठवून दिलं.